चिकटपट्टीचे वेढे

आमच्या घरात एक रेकॉर्ड आत्यासमोर लावायची नाही असा न सांगता पाळलेला नियम होता, आणि गंमत म्हणजे त्या रेकॉर्डवर ड्रम वाजवलेत ते आत्यानेच.

‘रांगेत या’ हे त्या रेकॉर्डचं नाव, आणि वाजवणाऱ्या त्रिकुटाचं नाव ‘गळके नळ’. गिटारवर माझे बाबा, ड्रमवर त्यांची मोठी बहीण म्हणजे माझी आत्या, आणि गळा नि बेस गिटार सांभाळायला बाबांचा शाळेपासूनचा मित्र भोंगा. आवाज तसा, म्हणून नाव तसं. भोंगा आता कानाची यंत्रं विकतो. आधी लोकांचे कान फोडले नि आता त्यांच्याच गळ्यात यंत्रं मारतोय, धंदा असा लांबचा विचार करून करावा, असं आत्या म्हणते.

चाळीस वर्षांपूर्वी या तिघांनी एका तळघरात दोन दिवसांत ही पहिली रेकॉर्ड भरली. पंक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तीन सूर, चढलेला पारा, आणि गाणं सुरू होतंय म्हणेपर्यंत संपलेलं. रेकॉर्ड बाजारात आली आणि लोक वेडे झाले, ते सगळ्यात आधी तिच्या वेगाने. इतकं वेगात कोणी वाजवलंच नव्हतं. आजही कितीतरी पोरं ते ड्रम वाजवायला जातात आणि दोन गाण्यांत मनगट धरून खाली बसतात.

आणि आत्यालाही ते जमलं नाही. तिचंच वाजवलेलं तिलाच जमलं नाही! रेकॉर्ड गाजल्यावर कार्यक्रम सुरू झाले. समोर रेकॉर्ड पाठ असलेली माणसं. आत्या काठ्या आपटून चार मोजायची, गाणं सुरू व्हायचं, आणि मागून कोणीतरी ओरडायचं, “झोपलात काय!” पाच-सहा कार्यक्रम असेच गेले. शेवटच्या कार्यक्रमात बाबांनी मोजणी तिच्याकडून काढून घेतली. स्वतः चार मोजले, रेकॉर्डच्या वेगाने. आत्या धावली, धापा टाकत धावली, आणि बाबा मागे वळून माइकवरच ओरडले, “ताई, मागे पडतेयस!”

सगळं सभागृह हसलं. आत्याने ते गाणं पुरं केलं, काठ्या खुर्चीवर ठेवल्या आणि निघून आली. त्यानंतर तिने ड्रमला हात लावला नाही. भांडण वगैरे काही झालं नाही. भाऊ-बहीण एकाच रस्त्यावर राहतात, एकमेकांकडे जेवतात. पण मटार सोलताना कोणी घाई केली की आत्या म्हणणार, “मी हळूच आहे ना बाई, तुम्हाला माहितीय.” बाबा तेवढ्यात काहीतरी आणायला आत जातात. मी लहानपणापासून हे बघत आलेय.

आत्या आता गाडी शिकवते. दिवसभर लोकांना “सावकाश, सावकाश” म्हणायचा पगार मिळतो, माझ्या स्वभावाला साजेसा, असं वर तीच सांगते.

मी रेकॉर्ड कोरते. म्हणजे टेपवरचा आवाज लेथवर ठेवलेल्या लॅकरच्या चकतीत सुईने कोरायचा, मग त्या चकतीवरून कारखान्यात साचे होतात आणि साच्यांवरून रेकॉर्डी छापतात. कोरणं एका दमात करावं लागतं. मध्ये थांबता येत नाही, खोडता येत नाही. चूक झाली की चकती कचऱ्यात. माझ्यासारख्या तापट बाईने हा धंदा का निवडला ते मलाही कळलेलं नाही.

तर ‘रांगेत या’ पुन्हा निघणार होती. एका रेकॉर्डच्या दुकानाची मालकीण, तिशीची, केस निळे, तिने हट्टाने हे काम अंगावर घेतलं. मूळ टेप भोंग्याच्या माळ्यावर यंत्रांच्या खोक्यांमागे सापडली. जुनी टेप चिकट होते, म्हणून मी ती मंद आचेवर ओव्हनमध्ये भाजून घेतली, थंड केली, आणि त्या सकाळी मशीनवर चढवली. चकत्या संध्याकाळच्या गाडीने कारखान्यात जायच्या होत्या. लॅकर कोरून ठेवलं की मऊ पडतं, वाट बघत नाही.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी शिवी हासडली. मशीन हळू चाललं होतं.

गाणं जड, खाली उतरलेलं. भोंग्याचा तो प्रसिद्ध किंचाळणारा आवाज चक्क एका दांडग्या माणसाचा वाटत होता. मी टेप थांबवली. पट्टा बघितला, दांडा पुसला, पुन्हा लावली. तेच. आज नेमकं आजच याला मरायचं होतं, असं मशीनला मोठ्याने सांगितलं.

मग आठवलं की टेपच्या तोंडाशी शिट्टी असते. टेप भरताना आधी एक सपाट शिट्टी भरून ठेवतात, सेकंदाला बरोबर हजार कंपनांची, पुढे कोणालाही आपलं मशीन तपासता यावं म्हणून. मी मागे गेले, शिट्टी लावली आणि मीटरकडे पाहिलं.

हजार. ना एक कमी, ना एक जास्त.

मी खुर्चीत बसले आणि लगेच उठले. मशीन ठीक होतं. टेप ठीक होती. मग चुकलं काय होतं? कपाटातून जुनी रेकॉर्ड काढली, शेजारच्या प्लेअरवर लावली. ती धावत सुटली, उंच, चिरकी, आपली ओळखीची. टेप एक बोलतेय आणि रेकॉर्ड दुसरंच. आणि शिट्टी टेपच्या बाजूने साक्ष देतेय.

तळघरात तिघांनी वाजवलं ते हे होतं. रेकॉर्ड कोरतानाच वेग वाढला होता. आत्या कधी हळू झालीच नव्हती!

मी बाबांना फोन केला. “आहात तसे या.”

“काय झालं? जळलं काही?”

“या म्हणते ना!”

बाबा चष्म्याचं दुकान मित्राच्या भरवशावर टाकून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टेप ऐकली आणि मान हलवली. “शिट्टीच चुकीची भरली असेल. तळघरातलं काम ते. आमच्यातला कोण शहाणा होता तेव्हा?”

“आणि रेकॉर्ड बरोबर?”

“रेकॉर्ड सगळ्या जगाने ऐकलीय.”

बाबांना पटायला नको होतं, ते मला दिसत होतं. पटलं तर पुढचं सगळं अंगावर येणार होतं. मला त्यांची दयाही आली आणि रागही, आणि मी नेहमीप्रमाणे राग निवडला.

“बाबा, तुमच्या गिटारच्या तारा का तुटायच्या?”

“कधी?”

“कार्यक्रमात. तुम्हीच सांगता ना, पहिल्या गाण्याला तार तुटली, दुसऱ्याला तुटली.”

“रेकॉर्डला जुळवायला ताणून लावाव्या लागायच्या. रेकॉर्डवर सूर वर होता...” बाबा बोलता बोलता थांबले.

“आणि तळघरात?”

“तळघरात नाही तुटली,” ते सावकाश म्हणाले. “तळघरात एकही नाही तुटली.”

तेवढ्यात मला दुसरी गोष्ट सुचली आणि मी टाळीच वाजवली. टेप मशीनमध्ये टेपला ओढणारा एक दांडा असतो, पेन्सिलीएवढा. तो जितका जाड, तितकी टेप वेगात. आमच्या धंद्यात जुने लोक एक चलाखी करायचे: एखादी जाहिरात दिलेल्या वेळात बसत नसली की त्या दांड्यावर टेप जोडायची चिकटपट्टी गुंडाळायची. दांडा जाड झाला, जाहिरात चटपटीत झाली, गिऱ्हाईक खूश. काम झालं की पट्टी सोलून काढायची. काढायची आठवण राहिली तर.

“कोरणाऱ्याकडे तुमच्या आधी साबणाची जाहिरात झाली असणार,” मी म्हटलं, “आणि कोणीतरी जेवायला गेलं असणार.”

माझ्या मशीनच्या दांड्याला मी बोटसुद्धा लावू देत नाही कोणाला. त्या दिवशी मी स्वतः त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. एक वेढा, दोन वेढे. टेप लावली, अजून कमी. आणखी वेढे. एका कानाला टेप, दुसऱ्याला जुनी रेकॉर्ड. आधी दोन्ही एकमेकांना ढुशा देत होती. पाचव्या वेढ्याला भोंगा आणि भोंगा एकाच वेळी किंचाळले, आणि दोन्हीकडची गाणी हातात हात घालून चालायला लागली. सूर तोच. वेग तोच.

मी नाचणारच होते, पण लेथजवळ नाचायचं नाही हा माझाच नियम आहे, जमीन हलते.

बाबा मात्र भिंतीला टेकून उभे होते. “ती म्हणाली होती,” ते म्हणाले. “रेकॉर्ड घरी आली त्या दिवशीच म्हणाली. बाळ्या, मी एवढं भरभर वाजवलं नव्हतं. आम्ही हसलो. भोंगा म्हणाला, मग काय उंदराने वाजवलं? मीसुद्धा हसलो गं.” त्यांनी चष्मा काढला. “आणि मग तीही म्हणायची बंद झाली.”

“फोन करा तिला.”

“मी? तू कर.”

“मी का म्हणून?”

त्यांनी फोन केला. “ताई, ठमीच्या कामावर ये. नाही, कोणी आजारी नाही. ये तू.” ठमी म्हणजे मी, आणि हे नाव घराबाहेर कोणाला कळलेलं नाही.

आत्याला पोचायला युग लागलं, कारण तिने शिकाऊ माणसाच्याच हाती गाडी ठेवली होती. खिडकीतून दिसलं, पाठीवर मोठ्ठी पाटी असलेली ती गाडी गोगलगायीसारखी वळली, फुटपाथला घासली, आणि आत्याने आत बसलेल्या घामाघूम गृहस्थांना शाबासकी दिली. बाबा तोवर खोलीत येरझाऱ्या घालत होते. आत्या गाडीतून उतरून आत यायच्या आधी मालकीणबाईच येऊन ठेपल्या, चकत्या न्यायला. त्यांना मी दोन वाक्यांत सांगितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“म्हणजे खरी रेकॉर्ड हळू आहे?” त्या म्हणाल्या. “अहो, लोक मला सोलून काढतील. वेगासाठी तर घेतात ती! आहे तशीच कोरा ना. चिकटपट्टी आहेच की लावलेली.”

नेमकी दारात आत्या उभी होती. तिने ‘हळू’ एवढंच ऐकलं असावं. “काय, माझं चाललंय वाटतं?” ती हसून म्हणाली आणि भिंतीशी टेकवलेलं रेकॉर्डचं नवं कव्हर बघून तिथेच थबकली. “ही लावणार असाल तर मी गाडीत बसते.”

“आत्या, एकदाच. माझ्यासाठी.”

“ठमे, नको.”

“ताई, बस,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज असा काही आला की ती बसली.

मी चिकटपट्टी सोलून काढली, दांडा पुसून चकचकीत केला आणि काही न सांगता टेप लावली. मुद्दामच नाही सांगितलं. मला तिचे कान बघायचे होते.

आधी काठ्यांचे चार ठोके. जुन्या रेकॉर्डवर ते नाहीत, कोरताना कापले होते. मग ड्रम पडले. आत्या अंग चोरून बसली होती, दात काढणाऱ्या डॉक्टरकडे बसावं तशी. गिटार आली. भोंगा आला. आणि माझं लक्ष तिच्या बुटाकडे गेलं. उजवा पाय हलत होता. ब्रेकची सवय असलेला तो पाय जमिनीवर नेमका ठोक्याला ठोका देत होता. मग हात. पर्स मांडीवर होती, तिच्यावर बोटं सुरू झाली, आधी दोन, मग दहा. पहिल्या कडव्यानंतर एक अवघड पलटा आहे, ज्याच्यावर जगातली सगळी पोरं आपटतात. आत्याने तो पर्सवर वाजवला. एकही ठोका इकडचा तिकडे झाला नाही. चाळीस वर्षं हात न लावता!

गाणं संपलं. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

“हे कुठलं?” ती म्हणाली. “हे... हे तर आम्ही वाजवलेलं आहे.”

मी सांगायला तोंड उघडलं, पण बाबांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतः सांगितलं. शिट्टी, दांडा, चिकटपट्टी, सगळं. साबणाची जाहिरातही सांगितली, जणू ते तिथे हजर होते. “कोरणाऱ्याची चूक होती, ताई. तू बरोबर वाजवत होतीस. प्रत्येक कार्यक्रमात. आम्ही तुला एका मशीनशी शर्यत लावायला लावली.” मग ते जे म्हणाले ते म्हणायला त्यांना फार जड गेलं. “आणि मी तुला सगळ्यांसमोर मागे पडतेयस म्हणालो.”

मला वाटलं ती रडणार. पण ती हसायला लागली, आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “मेल्यांनो,” ती म्हणाली, “मी तेल चोळून चोळून मनगटं झिजवली! डॉक्टरला दाखवलं! मला वाटलं मला काहीतरी रोग झालाय!” हसता हसता ती रडलीच. बाबा तिच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी तिची पर्स धरून ठेवली.

मग आत्याने डोळे पुसले, मालकीणबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुम्ही जुनीसारखीच काढा हो. लोकांना तीच आवडते. मला कळलं, मला पुरे.”

मी उसळून काहीतरी बोलणार होते. पण मालकीणबाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या स्पीकरसमोर उभ्या होत्या, तोंड उघडं.

“मला शब्द कळले,” त्या म्हणाल्या. “मी शाळेपासून ऐकतेय ही. पहिल्यांदा शब्द कळले! आणि ते ड्रम... छातीत बसतात हो. हे तर घाबरवतंय. पुन्हा लावा. नाही, थांबा, लावू नका, कोरा! अशीच कोरा! कव्हरवर काय लिहू? खऱ्या वेगाची? लोक भांडतील. भांडू देत! भांडायला तरी विकत घेतील!” आणि त्यांनी उडी मारली.

“उड्या नाही!” मी ओरडले.

बाबांनी भोंग्याला फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून आवाज असा आला की फोन कानापासून लांब धरावा लागला. “म्हणजे माझा आवाज उंदरासारखा नव्हता?” तो विचारत होता. “चाळीस वर्षं मी काय ऐकून घेतलंय तुम्हाला कल्पना आहे?”

कोरायची वेळ झाली. मी कोरी चकती ठेवली, काळी, आरशासारखी. चौघांचे चेहरे तिच्यात वाकडे दिसत होते. सगळ्यांना बजावलं: सुई टेकली की कोणी चालायचं नाही, शिंकायचं नाही, पाय आपटायचे नाहीत. जमिनीचा धक्का चकतीत उतरतो. टेपचं पांढरं तोंड, म्हणजे गाण्याआधीची कोरी पट्टी, मी मशीनमध्ये ओवलं. लेथ फिरायला लागला.

“काठ्यांचे ठोके ठेवू की कापू?” मी विचारलं.

“ठेव,” बाबा म्हणाले. “ते पहिले ठेव.”

मी बटणावर बोट ठेवलं. असं काम सुरू करताना मी मनात मोजते, सवय आहे. बाबांनी घसा खाकरला.

“ताई,” ते म्हणाले. “तू मोज.”

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली, पर्स खुर्चीवर ठेवली, आणि दोन्ही हात हवेत धरले, काठ्या धरल्यासारखे.

“एक, दोन, तीन, चार.”

मी बटण दाबलं. सुई चकतीवर टेकली, केसासारखा काळा धागा सुटायला लागला. टेपचं पांढरं तोंड सरसर सरकलं, आणि मग स्पीकरमधून ठोके आले. एक, दोन, तीन, चार. आत्ता ती बोलली त्याच चालीने. विशीतली आत्या आणि आजची आत्या एकच मोजत होती.

ड्रम पडले. कोणाला हलायची परवानगी नव्हती, म्हणून चौघंही जागच्या जागी उभे राहून नाचत होतो, फक्त कमरेच्या वर. मालकीणबाईंचे निळे केस हलत होते. आत्याचे हात हवेत चालले होते, अवघड पलटा आला नि गेला, तिने मान झटकली. आणि बाबा, पोट सुटलेले, चष्मा डोक्यावर चढवलेले बाबा, पोटावर गिटार धरून जीव तोडून वाजवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि उजवा हात दमून ढिला पडत चालला होता.

आत्याने ठोका न चुकवता त्यांच्याकडे वळून बघितलं.

“बाळ्या,” ती म्हणाली, “मागे पडतोयस.”